तुमच्या आजोबांच्या फाईलींमध्ये मराठीच आहे, फक्त फाँट नाहीये

तुम्ही विचारलंय की आजोबा गेल्यावर कपाट आवरताना त्यांच्या लेखांची सीडी सापडली, वर्डच्या फाईली उघडतायत पण मराठीच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं दिसतायत, 'भारत' असावा तिथे 'एच के के जे आर' असं काहीतरी, तर फाईली करप्ट झाल्यात का. आणि मोबाईल-कॉम्प्युटरवरच्या मराठीच्या अजून अशा गमती असतील तर त्याही सांगा असं म्हणालात. मी पुण्यात २७ वर्षं डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावायचं, काम करतोय, त्यातला निम्मा वेळ अशाच फाईली सोडवण्यात गेलाय, त्यामुळे जरा लांबण लागेल पण नीट सांगतो.

आधी काय करू नका ते, कारण तिथेच लोक नुकसान करून घेतात. सीडीवरचं सगळं जसंच्या तसं कॉम्प्युटरवर कॉपी करा, अजून एका पेनड्राईव्हवर टाका, आणि मूळ फाईलीत एक अक्षरही टाईप करू नका. वर्डमध्ये उघडलीत तर सेव्ह न करता बंद करा. सीडीवर फाँटच्या फाईली आहेत का बघा, शेवटी टीटीएफ असलेल्या, असतील तर ते सोनं समजा. बऱ्याच जणांना वाटतं की सगळं सिलेक्ट करून फाँट मंगल, म्हणजे विंडोजबरोबर येणारा मराठीचा फाँट, केला की झालं, तसं होत नाही, उलट फाईलीत फाँटचं जे जुनं नाव लिहिलेलं असतं तेच पुसलं जातं आणि आपल्याकडचा एकमेव धागा जातो.

फाईली करप्ट नाहीत. 'एच के के जे आर' हे बरोब्बर 'भारत'च आहे. कृतिदेव फाँटमध्ये, आणि त्याच्याच जातीच्या देवलिसमध्ये, कॅपिटल एच म्हणजे अर्धा भ, स्मॉल के म्हणजे उभा दंड, तो अर्ध्या भ ला जोडला की पूर्ण भ झाला, मग पुन्हा के म्हणजे काना, जे म्हणजे र आणि आर म्हणजे त. 'मराठी' लिहिलेलं असेल तर 'इ जे के बी एच' दिसेल, त्यातला बी कॅपिटल, बाकीची स्मॉल. म्हणजे बघा, काना आणि भ चा दंड ही कॉम्प्युटरच्या लेखी एकच वस्तू. शाळेत आपण भ हे एक अक्षर म्हणून शिकलो, पण त्या फाँटला अक्षर माहीतच नाही, त्याला फक्त चित्रांचे तुकडे माहीत आहेत, आणि हे तुकडे मांडायची पद्धत आली टाईपरायटरच्या रेमिंग्टन कीबोर्डवरून, जिथे खरोखरच लोखंडी तुकडे कागदावर आपटायचे. टाईपरायटर शिकलेल्या माणसाला कॉम्प्युटरवर बसल्या दिवशी टाईप करता यायला हवं, ही त्या काळची गरज होती आणि ती या फाँटनी भागवली, त्यामुळे त्यांना नावं ठेवायला मी तयार नाही. सरकारी ऑफिसं, छापखाने, वर्तमानपत्रं, सगळी मराठी त्यावर उभी होती.

पण कॉम्प्युटरला मात्र आपण थाप मारत होतो. त्याला सांगायचं की हे इंग्रजी अक्षर आहे आणि चित्र दाखवायचं देवनागरीचं. फाँट आहे तोवर मराठी दिसते, फाँट काढला की खालचं इंग्रजी उघडं पडतं, तुमच्या सीडीचं तेच झालंय. आणि कुठल्या इंग्रजी अक्षराला कुठलं चित्र, याचं प्रत्येक कंपनीचं कोष्टक वेगळं. श्रीलिपीचं वेगळं, आकृतीचं वेगळं, सीडॅक या सरकारी संस्थेच्या आयएसएम सॉफ्टवेअरमधल्या डीव्हीबी फाँटचं वेगळं, शिवाजी फाँटचं वेगळं, कधी कधी एकाच कंपनीच्या दोन फाँटमध्येही फरक. एका छापखान्यातली फाईल दुसऱ्या छापखान्यात उघडेलच याची खात्री नसायची, आम्ही फाईलबरोबर फाँटची फ्लॉपी पाठवायचो.

याच्यावर उपाय नव्हता असं नाही. भारतीय लिप्यांसाठी इस्की नावाचं एक मानक १९९१ मध्ये ठरलं होतं, पुण्याच्या सीडॅकनी त्यावर पुष्कळ काम केलं, कॉम्प्युटरच्या आत बसवायचं, भारतीय लिप्या दाखवणारं जिस्टचं कार्ड यायचं ते जुन्या लोकांना आठवेल. इस्कीत प्रत्येक अक्षराला एक नंबर आणि तोच नंबर सगळ्या भारतीय लिप्यांना, नुसती लिपी बदलायची. पुढे युनिकोडनी, म्हणजे जगातल्या सगळ्या लिप्यांना नंबर देणाऱ्या आजच्या मानकानी, देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या मसुद्यावरूनच घेतली. त्याची एक खूण आजही तुमच्या मोबाईलमध्ये आहे आणि मला ती फार आवडते. युनिकोडमध्ये देवनागरी क चा नंबर २३२५. त्यात १२८ मिळवा, २४५३, तो बंगाली क. २७०९ गुजराती क, ३०९३ तेलुगू क, ३२२१ कन्नड क, सगळी अंतरं १२८ च्या पटीत. म्हणजे 'कमल' या शब्दाच्या प्रत्येक अक्षराच्या नंबरात ८९६ मिळवलेत की तो कन्नडमध्ये लिहिला जातो, भाषा न येता. आपल्या लिप्या एकमेकींच्या बहिणी आहेत हे आपण नुसतं म्हणतो, इथे ते आकड्यात दिसतं.

विंडोजमध्ये देवनागरी सरळ चालायला लागली विंडोज २००० पासून, मंगल फाँट त्याच्याबरोबरच आला. पण एक्सपीमध्येसुद्धा कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन वेगळी टिक करावी लागायची आणि तेव्हा विंडोजची सीडी मागायचा, ती सीडी कोणाकडे असायची? त्यामुळे युनिकोड येऊनही लोक कितीतरी वर्षं जुन्या फाँटवरच राहिले.

इंटरनेटवर तर या काळाचा मोठा खड्डाच आहे. तेव्हाच्या मराठी वेबसाईट स्वतःचा फाँट पानाबरोबर पाठवायच्या आणि त्यातला एक प्रकार फक्त इंटरनेट एक्सप्लोररला समजायचा, दुसरा नेटस्केपला. दोन्ही ब्राऊझर गेले. इंटरनेट आर्काईव्ह म्हणून संस्था आहे, १९९६ मध्ये ब्रूस्टर केल यांनी सुरू केली, त्यांचं वेबॅक मशीन २००१ पासून सगळ्यांना खुलं आहे आणि त्यात जुनी पानं तारखेनुसार बघता येतात. तिथे जाऊन एखाद्या मराठी वर्तमानपत्राचं २००१-०२ च्या आसपासचं पान काढून बघा. फोटो दिसेल, तारीख दिसेल, आणि बातमीच्या जागी बहुतेक वेळा तुमच्या आजोबांच्या फाईलीसारखंच काहीतरी. मजकूर सगळा आहे तिथे, पण गूगलला तो मराठी म्हणून कळत नाही, म्हणून कोणी शोधलं तरी सापडत नाही. मला याचं मनापासून वाईट वाटतं, आणि म्हणूनच कोणी घरातली एक सीडी जरी बाहेर काढली तरी मी कामं बाजूला ठेवून उत्तर द्यायला बसतो.

आता सोडवायचं कसं. वर्डमध्ये मजकुरावर कर्सर ठेवा, वर फाँटच्या चौकटीत नाव दिसेल, तो फाँट तुमच्याकडे नसला तरी नाव दिसतं. ते लिहून घ्या. तो फाँट मिळाला आणि टाकला की फाईल तत्काळ वाचता येईल, पहिल्यांदा तेवढंच करा आणि पीडीएफ काढून ठेवा, फाँट आत घालून. म्हणजे मूळ कसं दिसत होतं याचा एक पुरावा राहतो, पुढे कन्व्हर्ट केल्यावर ताडून बघायला तोच लागतो. फाईल पेजमेकर या पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरची असेल तर प्रकरण वेगळं आहे, पेजमेकर सातवर येऊन थांबला आणि आत्ताचं इनडिझाईन ती फाईल उघडत नाही, जुनं इनडिझाईन किंवा जुना पेजमेकर असलेला एखादा डीटीपीवाला शोधावा लागेल, पुण्या-मुंबईत अजून आहेत.

मग कन्व्हर्टर, म्हणजे जुन्या फाँटचा मजकूर युनिकोडमध्ये बदलणारा प्रोग्रॅम. कृतिदेवचे, श्रीलिपीचे, शिवाजीचे वेगवेगळे मिळतात, फुकटही मिळतात, पण ज्याचा फाँट त्याचाच कन्व्हर्टर लागतो. आणि इथे तीन गोष्टी हमखास बिघडतात.

पहिली वेलांटी. जुन्या फाँटमध्ये पहिली वेलांटी आधी टाईप व्हायची आणि मग अक्षर, कारण ती दिसते आधी. युनिकोडमध्ये आधी क आणि मग वेलांटी, जसं आपण बोलतो तसं, स्क्रीनवर ती डावीकडे नेऊन दाखवणं हे मशीनचं काम. कन्व्हर्टरला ती उचलून पलीकडे न्यावी लागते, आणि मध्ये जोडाक्षर असलं की तो चुकतो. पीडीएफमधून मराठी कॉपी केल्यावर वेलांट्या भलत्याच अक्षरावर जाऊन बसतात ना, त्याचं मूळही बरेचदा हेच. रफाराचं बरोबर उलटं, 'धर्म' मध्ये जुन्या फाँटला रफार शेवटी, युनिकोडला म च्या आधी. आणि जिथे मात्रा किंवा वेलांटी अनाथ राहते तिथे ठिपक्यांचं एक गोल दिसतं, ते तुम्ही मोबाईलवरही पाहिलं असेल. ते गोल बहुतेक वेळा फाईलमध्ये नसतंच, 'इथे अक्षर हवं होतं' असं सांगायला स्क्रीन ते काढते, त्यामुळे फाईंडमध्ये टाकून सापडत नाही, एकेक ओळ डोळ्यांनीच बघावी लागते.

दुसरी गोष्ट वर्डचा शहाणपणा. कृतिदेवमध्ये स्मॉल जे म्हणजे र आणि कॅपिटल जे म्हणजे श्र. आजोबांनी किंवा त्यांच्या टायपिस्टनी वाक्याच्या सुरुवातीला 'राम' टाईप केलं असेल आणि वर्डनी इंग्रजी समजून पहिलं अक्षर कॅपिटल केलं असेल तर झालं 'श्राम'. तसंच एकेरी अवतरणचिन्ह म्हणजे अर्धा श आणि दुहेरी म्हणजे अर्धा ष, वर्डनी ते सरळ चिन्ह वळवून छान वाकडं केलं की कन्व्हर्टरला ते ओळखता येत नाही आणि सगळे श-ष तुटतात. म्हणून म्हटलं फाईलीत काही टाईप करू नका. कन्व्हर्ट करण्याआधी एका कॉपीमध्ये वाकडी अवतरणं फाईंड-रिप्लेस करून सरळ करून घ्या, ऑटोकरेक्ट बंद ठेवून, तेवढ्यानी निम्म्या चुका जातात.

तिसरी, मध्ये खरे इंग्रजी शब्द असतील, कंसात एखादं नाव वगैरे, तर कन्व्हर्टर त्यांचीही मराठी करून टाकतो. ते भाग आधी खुणा करून बाजूला काढा.

आणि सगळं झाल्यावर 'ऱ्य' तपासा. मला विचाराल तर मराठी टायपिंगमधली सगळ्यात सुंदर आणि सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट हीच. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या. 'आचार्यांना' म्हणजे विद्वानांना आणि 'आचाऱ्यांना' म्हणजे स्वयंपाक्यांना. एकदा आमच्याकडे कार्यक्रमाचं पत्रक आलं होतं, 'सर्व आचाऱ्यांना विनंती की भांडी परत करावीत', ते कन्व्हर्टरमधून गेलं आणि छापून आलं 'सर्व आचार्यांना'. हिंदीत हा अर्धा र लागत नाही, मराठीला लागतो, आणि युनिकोडमध्ये तो दोन रस्त्यांनी काढता येतो. एक म्हणजे खाली टिंब असलेला ऱ घेऊन त्याला हलंत, म्हणजे अक्षराचा पाय मोडायचं चिन्ह, आणि य. हा ऱ मुळात द्राविडी भाषांमधला एक उच्चार देवनागरीत लिहायला ठेवलाय, त्याचं अर्धं रूप मराठीच्या कामी आलं. दुसरा रस्ता म्हणजे साधा र, हलंत, मग न दिसणारं एक जोडचिन्ह आणि मग य. दोन्ही दिसायला अगदी सारखे, आणि आतून वेगळे. सभासदांची यादी करताना 'कऱ्हाडे' आडनाव दोन जणांनी दोन रस्त्यांनी टाईप केलं आणि यादी लावल्यावर एक कऱ्हाडे एका ठिकाणी, दुसरे भलतीकडे, हे मी स्वतः निस्तरलंय. तुम्ही कुठलाही एक रस्ता धरा पण सगळ्या फाईलींत तोच ठेवा, मी पहिला धरतो.

'ॲप' चं तसंच. सुरुवातीला युनिकोडमध्ये ॲ नव्हताच, तो आला २००८ मध्ये. तोपर्यंत कोणी ए वर चंद्र असलेला ऍ वापरला, कोणी अ टाईप करून वर वेगळा चंद्र दिला, आणि आता ॲ. एकाच शब्दाची तीन लिखाणं, त्यातली दोन डोळ्यांना एकमेकांपासून वेगळी ओळखूही येत नाहीत. जुन्या फोनवर ॲ च्या जागी चौकोन दिसतो तो याचमुळे, त्या फोनच्या फाँटमध्ये ते अक्षरच नाही.

तुम्ही एसएमएसचं काही विचारलं नाहीत पण गमतीच हव्यात तर ही सांगायलाच हवी. इंग्रजीत एक एसएमएस १६० अक्षरांचा आणि मराठीत ७० चा, कारण आतली जागा ठरलेली आहे, १४० बाईट. इंग्रजी अक्षराला ७ बिट लागतात, १४० बाईटचे ११२० बिट, भागिले ७ म्हणजे १६०. देवनागरीला १६ बिट, म्हणून ७०. हा १६० चा आकडा ठरवताना जर्मनीत फ्रीडहेल्म हिलेब्रँड या इंजिनियरनी १९८५ मध्ये टाईपरायटरवर रोजच्या बोलण्यातली वाक्यं टाईप करून मोजली होती आणि बहुतेक १६० च्या आत बसली. मराठीत मात्र ७० सुद्धा पूर्ण मिळत नाहीत, कारण काना-मात्रा-हलंत सगळे वेगळे मोजले जातात. 'महाराष्ट्र' डोळ्याला चार अक्षरं, मशीनला दहा. म्हणजे एका एसएमएसमध्ये महाराष्ट्र फक्त सात वेळा बसतो, तेही मध्ये जागा न सोडता. आणि इंग्रजी मेसेजमध्ये एक इमोजी टाकला किंवा ₹ टाकलं तरी अख्खा मेसेज ७० वर येतो, कारण ₹ त्या ७ बिटच्या तक्त्यात नाही. बँकांच्या मेसेजमध्ये अजून 'आरएस' दिसतं त्याचं नवल मला तरी वाटत नाही.

₹ वरून आठवलं, तुमच्या आजोबांच्या सीडीवर नसेल पण घरातल्या २०१०-१२ च्या बिलांवर बघा, रकमेच्या आधी एक छोटा तिरका टिचका दिसेल, उलट्या अवतरणासारखा. चिन्ह जुलै २०१० मध्ये जाहीर झालं, युनिकोडमध्ये त्याच वर्षी आलं, पण कॉम्प्युटरवर पोचायला वेळ लागणार होता. तेवढ्यात एका भारतीय कंपनीनी फाँट काढला ज्यात कीबोर्डच्या डाव्या कोपऱ्यातल्या त्या टिचक्याच्या जागी ₹ चं चित्र. लोकांनी उत्साहानी वापरलं, आणि जिथे तो फाँट नाही तिथे खालचा टिचका उघडा पडला. अगदी कृतिदेवचाच आजार, एका अक्षरापुरता.

एक छोटा प्रयोग आत्ता करून बघा. कॉम्प्युटरवर 'स्त्री' टाईप करा, शब्दाच्या शेवटून बॅकस्पेस दाबा, बहुतेक ठिकाणी आधी वेलांटी जाईल, मग र, मग हलंत, असे सहा वेळा. आता पुन्हा टाईप करून शब्दाच्या सुरुवातीला कर्सर ठेवून डिलीट दाबा, बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये अख्खी 'स्त्री' एका फटक्यात जाईल. बॅकस्पेस तुम्ही टाईप केलेले तुकडे मोजतं, डिलीट डोळ्याला दिसणारं अक्षर मोजतं. कन्व्हर्ट झालेली फाईल सुधारताना हे लक्षात असलं की खूप वेळ वाचतो, चुकलेल्या जोडाक्षराच्या मागे बसून बॅकस्पेसनी फक्त शेवटचा तुकडा काढा, अख्खं अक्षर पुन्हा मारायची गरज पडत नाही.

मला एवढंच कळवा की वर्डच्या चौकटीत फाँटचं नाव काय दिसतंय, आणि एखाद्या लेखाची पहिली ओळ जशी दिसते तशी. नाव नसेल, नुसती टेक्स्ट फाईल असेल, तरी ओळीवरून फाँट ओळखता येतो, एवढ्या वर्षांत बहुतेक कोष्टकं पाठ झालीयत. एक लेख मी स्वतः सोडवून पाठवतो, तो बघून बाकीचे तुम्ही करा, घाई न करता, दिवसाला एक केलात तरी चालेल, आणि प्रत्येक लेख पीडीएफशी ताडून मोठ्यानी वाचून बघा, आजोबांचं वाक्य कसं जायचं ते तुम्हाला माहीत आहे, तुटलेली वेलांटी तुमच्या कानाला लगेच कळेल.